तुझ्या आधीचं वर्ष

२६ मे २०१३

भाऊ,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, तेव्हा घे आशीर्वाद. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू फोन ठेवतोस, म्हणून लिहायला बसले.

एक जूनला माझी पाळी संपते आणि तुझी सुरू होते. बाबांनी नोकरीभर दुकानदारांची वजनमापं तपासली. त्यामुळं तीन मुलांत काहीही वाटायचं म्हणजे काट्यावर समान वाटायचं, एवढंच त्यांना ठाऊक. बसमध्ये खिडकीची जागा आपल्याला पाळीपाळीनं मिळायची, तशीच जाताना त्यांनी जमीन लावून दिली: एक वर्ष ताई, एक वर्ष भाऊ, एक वर्ष धाकटा. ज्याची पाळी त्याचा शब्द आणि त्याचंच पीक, बाकीच्यांनी लुडबुड करायची नाही. काही बदलायचं असेल तर तिघांतल्या दोघांचं मत एक हवं. ऐकायला किती गोड. खिडकीची जागा बसून झिजत नाही आणि जमीन झिजते, हे त्या सज्जन माणसाच्या ध्यानात आलं नाही.

आता नीट वाच. खालच्या अंगाला चवळी पेरली होती, ती फुलावर आल्यावर नांगरून जमिनीत गाडली आहे. शेणखत सगळीकडे पसरून झालंय. उतारावरचा बांध फुटला होता तो घालून घेतला आणि वर गवत लावलं. तो बांध तुझ्या मुकादमाला मोडू देऊ नकोस. मागच्या तुझ्या पाळीला त्यानं मक्याच्या चार ओळी जास्त बसाव्यात म्हणून तो नांगरला आणि मग प्रत्येक पावसात माझ्या स्वयंपाकघरामागं चिखल येऊन बसायचा. तो चिखल नव्हता, आपलं शेत होतं. कणसं काढली की धसकटं जाळू नकोस, जागेवर कुजू दे. माझ्या गाईंचं शेण तुझ्या वर्षातही मी टाकून देते, फुकट. मागच्या वेळी मुकादमानं माझी खताची गाडी फाटकातून परत पाठवली. म्हणाला, "साहेबांचं वर्ष आहे, साहेबांना विचारा." साहेब म्हणजे तू, टायर विकणारा.

एवढं ऐकलंस तरी पुष्कळ झालं.

ताई

९ जानेवारी २०१४

ताई,

नमस्कार. आधी बस, मग वाच. मका असा आलाय की पोती कमी पडली आणि शेजाऱ्यांकडून मागून आणावी लागली. मी दोनदाच आलो, पेरणीला आणि काढणीला, पण दोन्ही वेळा अर्धा अर्धा दिवस उन्हात उभा होतो. मला शेतीतलं काय कळतं, असं तू लहानपणापासून म्हणत आलीस. बाबा गेल्यापासून माझी पाळी तीनदा आली आणि तिन्ही वेळा तिघांत जास्त पीक माझं. एकदा योगायोग म्हण, दुसऱ्यांदा नशीब म्हण, तिसऱ्यांदा तरी भावाला अक्कल आहे म्हणायला काय हरकत आहे?

बांधाचं विचारशील, तर तो काढावा लागला, ट्रॅक्टर वळत नव्हता. धसकटं जाळली. शेत कसं दाढी केल्यासारखं स्वच्छ दिसतंय.

मुद्द्याचं बोलतो. ही पाळी आता पुरे. तू तुझ्या वर्षात निम्म्या जमिनीवर चवळी पेरतेस, ती खात नाहीस, विकत नाहीस, पुरून टाकतेस. धाकट्याचं तर नावच नको. त्याच्या वर्षात मका गुडघ्याला लागत नाही, ऐदी माणूस. माझ्या दुकानात जो जास्त माल विकतो त्याला मी गल्ल्यावर बसवतो, त्यात कुणाचा अपमान नसतो. जमीन कायमची माझ्याकडे द्या. पिकाचा तिसरा हिस्सा तुला, तिसरा धाकट्याला, घरपोच. तू त्या घरात राहा, गाई सांभाळ, आराम कर. खूप राबलीस.

मे महिन्यात तिघं बसू आणि मत घेऊ.

भाऊ

१७ जानेवारी २०१४

भाऊ,

या वेळी आशीर्वाद नाही.

तुझं पत्र मी गोठ्यात जाऊन गाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. "आराम कर" इथवर ती ऐकत होती, मग तिनं मान फिरवली.

तुझ्या आधीचं वर्ष कुणाचं असतं रे? माझं. दर फेरीला माझं. शेणखत आज टाकलं म्हणून आज उगवत नाही. ते मुरतं आणि देतं दुसऱ्या वर्षी. चवळी गाडते मी, त्यात एक हंगाम बुडतो माझा, आणि तिच्यावर मका पोसला जातो तुझा. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर तो नागोबा बिळं खणण्यात आपली अक्कल किती ते मलाच कळवतो. पेरणीला अर्धा दिवस आणि काढणीला अर्धा दिवस. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूससुद्धा निदान उंटावर तरी असतो, तू तर दुकानात असतोस.

आणि तुझ्यानंतरचं वर्ष कुणाचं? धाकट्याचं. तू एका वर्षात दोनदा मका घेतोस, युरिया ओततोस, धसकटं जाळतोस, बांध मोडतोस, आणि उरलंसुरलं त्याच्या पदरात टाकतोस. ताट चाटूनपुसून त्याच्यापुढं सरकवायचं आणि म्हणायचं, बघा, याला जेवता येत नाही. तो पोरगा सुट्टी काढून येतो, स्वतः खुरपतो. त्याला ऐदी म्हणताना तुझी जीभ कशी रेटते?

खरं तर मला तुझ्याहून जास्त राग त्या नियमाचा येतो. पण नियमाच्या थोबाडीत मारता येत नाही, तू समोर आहेस. एकच वर्ष आपलं म्हटल्यावर जो जमिनीला घालतो तो मूर्ख आणि जो काढतो तो शहाणा, दुसरं होणार काय? पुढच्याच्या वर्षासाठी कोण कशाला शेण वाहील? मी वाहते, कारण मी इथं राहते आणि सकाळी उठलं की मला ती जमीन दिसते.

पाळी बंद करायचीच ना? कर. जमीन माझ्याकडे दे, पंधरा वर्षांसाठी, आणि मधे कुणी हिशेब मागू नका. धाकट्याला विचार हे चालेल का.

ताई

२ फेब्रुवारी २०१४

ताई,

नाचता येईना अंगण वाकडं. तुझ्या वर्षात पीक कमी, ते का, तर म्हणे माझ्यासाठी त्याग केला. माझ्या वर्षात पीक जास्त, ते का, तर म्हणे ते तुझंच. म्हणजे छापा पडला तरी तू आणि काटा पडला तरी तू. दुकानदाराला असं बोलून बघ कधी.

तुला एक सांगतो, हसू नकोस. छापखाना बुडाला. भागीदार पळाला. टायरचं दुकान बायकोच्या नावावर आहे आणि ती मला ते विसरू देत नाही. आयुष्यात हाती घेतलेलं एकच काम मला जमलं, हा मका. पाहुण्यांना मी कणसाचा फोटो दाखवतो. आणि तू म्हणतेस तेही मी केलेलं नाही.

धाकट्याशी बोललो. तो म्हणतो, एक फेरी थांबा. ठीक आहे, थांबू. आता त्याचं वर्ष, मग तुझं, मग माझं. माझी काढणी झाली की मत घेऊ. आणि एवढी खात्री असेल तर तुझ्या वर्षात घालूच नकोस काही. ना खत, ना चवळी. माझ्यासारखी शेती करून दाखव. मग माझं काय होतं ते सगळेच बघू.

भाऊ

२० नोव्हेंबर २०१५

ताई,

माझं वर्ष कसं गेलं ते तू रोज पाहिलंस. मला सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण आमच्या लिफ्ट बनवायच्या कारखान्यात सगळे फक्त लिफ्टबद्दल बोलतात. सगळी रजा मी त्या शेतात घातली. बियाणं भाऊपेक्षा चांगलं आणलं. तण एक ठेवलं नाही. तरी मका उभा राहिला तो आजाऱ्यासारखा, पिवळा. काढणीच्या दिवशी भाऊ आला आणि सगळ्या मजुरांपुढं म्हणाला, "लिफ्टवाल्याला वर जायची सवय, जमिनीकडे लक्ष कुठलं." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

आता तुझं वर्ष चालू आहे. एवढं एक माझ्यासाठी कर. काहीही घालू नकोस. तो शेणाचा ढीग जिथं आहे तिथं राहू दे. भाऊनं स्वतःच्या तोंडानं पैज मारली आहे, मग लाव ना पैज. एका वर्षात त्याचं नाक कापलं जाईल. मग मे महिन्यात तू आणि मी मिळून दोन मतं, आणि जमीन तुझ्याकडे. इतकं सोपं आहे.

मी कधी काही मागत नाही, ताई.

धाकटा

३ एप्रिल २०१६

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तू फाडून टाकशील, पण आधी पुरतं वाच.

मी खरंच काही घातलं नव्हतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी ढिगावर ताडपत्री ओढली आणि कडेनं दगड ठेवले, म्हणजे मलाही चटकन काढता येऊ नये. चवळी पेरली नाही. शेजारीण म्हणाली, बरं नाही का तुम्हाला? गाईंकडे गेले की ढिगाकडे पाठ करून बसायची. भाऊचा मका पिवळा पडलेला मी मनात कितीदा पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

मग फेब्रुवारीत पाण्याचा पाट फुटला म्हणून मधल्या पट्ट्यात फावडं मारलं. माती ढेकूळ होऊन निघाली, विटेसारखी. फोडली तर आत काहीच नाही, एक गांडूळ नाही, एक मूळ नाही. वासही नाही. आधी भाऊनं तिला पिळलं, मग तुला इलाज नव्हता म्हणून तू उरलेलं घेतलंस, आणि आता मी, मीच, तिला वर्षभर उपाशी ठेवून मजा बघत बसले होते. कशासाठी, तर मत घेताना माझा शब्द खरा ठरावा म्हणून. मला स्वतःची शिसारी आली.

ताडपत्री काढली. सगळा ढीग पसरला. पाणी देऊन चवळीही पेरली, मे संपायच्या आत गाडून होईल. माझ्याच हातांवर मला राग आलाय. त्यांना दुसरं काही येतच नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मत घेताना मी भाऊला समोरासमोर सांगीन. तू माझ्याबरोबर असलास की झालं.

ताई

३० मे २०१७

ताई,

मत घेतलं त्या दिवशी भाऊनं हात वर केला आणि मग त्याच्या बाजूनं मीही केला. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. म्हणून हे पत्र.

भाऊचा मका यंदा गेल्या वेळेपेक्षाही उंच आला. कुणामुळं आला ते मला माहीत आहे. तुलाही माहीत होतं. ताडपत्री काढलीस तेव्हाच तुला कळत होतं की यानं तो जिंकणार आणि मी पुन्हा ऐदी ठरणार. तरी काढलीस. मला विचारलं नाहीस, नंतर कळवलंस. तू जमीन निवडलीस, ताई, भाऊ नाही निवडलास. म्हणजे हा भाऊ. मग मी का तुझ्या बाजूनं हात वर करू? तू खरी आहेस म्हणून? खरेपणानं मला त्या मजुरांपुढं काय दिलं?

आता निदान माझी पाळी कधी येणार नाही. तिसरा हिस्सा घरपोच येईल आणि मला कुणी काही म्हणणार नाही. तू घर सोडू नकोस. भाऊ राहा म्हणतोय.

धाकटा

१५ जून २०१७

धाकट्या,

घर सोडलं. गाई घेऊन निघाले. ज्या खिडकीतून ते शेत दिसतं तिथं बसून मी भाऊचा आराम करणार नाही.

एका निवृत्त नर्सबाईंची पडीक जमीन आहे, नुसती दगडगोट्यांची. त्यांनी पंचवीस वर्षांचा करार करून दिला. मी म्हटलं, इतकी वर्षं लिहून देताय, विचार करा. म्हणाल्या, "तोवर मी काही राहत नाही, तुम्ही निवांत दगड वेचा."

तू लिहिलंस त्यात चूक काढता येत नाही, म्हणून राग जास्तच आलाय. तो इतक्यात जायचा नाही. पत्ता खाली दिलाय.

ताई

११ फेब्रुवारी २०२०

ताई,

खूप दिवसांनी लिहितोय. नमस्कार.

जमीन माझ्याकडे आल्यावर पहिल्या वर्षी पीक बेताचं आलं. मुकादम म्हणाला, बियाणं वाईट. दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, तेव्हा मी मुकादम बदलला. या वर्षी बियाणं बदललं, मुकादम पुन्हा बदलला, युरिया दुप्पट टाकला, आणि मका गुडघ्याला लागत नाही. पाणी सोडलं तर ते आत जिरत नाही, वरच्यावर पसरून उताराला लागतं. स्वयंपाकघराची मागची भिंत ओलीनं फुगली आहे. पाहुणे फोटो मागतात, मी जुनाच दाखवतो.

इथले लोक म्हणतात, जाताना तुम्ही बहिणीचं मन दुखावलंत, तिनं जमिनीत काहीतरी टाकलं असणार. मी त्यांना गप्प केलं. पण डोक्यातून जात नाही, म्हणून सरळ विचारतो. जाताना तू काय केलंस? काही टाकलंस का? मी रागावणार नाही. काय टाकलं ते कळलं तर उतारा तरी करता येईल.

आणि झालं गेलं सोडून दे. मी एक मार्ग काढलाय. आपण दोघांतच पाळी लावू. एक वर्ष तू, एक वर्ष मी. तू मोठी आहेस, तेव्हा तुझं आधी.

भाऊ

१९ फेब्रुवारी २०२०

भाऊ,

"तुझं आधी" हे वाचून मी हसले. मग इतका संताप आला की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठले नाही. तुझ्यासारखा माणूस बुडतानाही दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन बुडेल.

तुझ्या आधीचं वर्ष आता कुणाचं? तुझं. त्याच्या आधीचं? तेही तुझंच. आजवर तू माझ्यामागून यायचास म्हणून तुला जेवलेली जमीन मिळायची. आता तू तुझ्याच मागून येतोयस. तुझ्यामागून येणं कसं असतं ते धाकट्यानं फेरीमागून फेरी सोसलंय, आणि तू त्याला ऐदी म्हणायचास. आता हा शब्द आरशापुढं उभा राहून म्हणून बघ.

तो इथं येतो, तुला माहीत नसेल. वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी फाटकाशी उभा होता. "दगड वेचायला माणूस हवंय का" म्हणाला. मी घमेलं दिलं. पहिली दोन वर्षं इथं विकण्यासारखं काही आलं नाही, आधी मी एकटी आणि मग आम्ही दोघं नुसतं शेण आणि पालापाचोळा ओतत होतो. नर्सबाई फाटकाबाहेर खुर्ची टाकून बघायच्या, पण "कधी" म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. यंदा धाकट्याचा मका त्याच्या डोक्यावर गेला. तो त्यात शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मी हाक मारली नाही.

आता माझं ऐक. त्या जमिनीसाठी माझा जीव तुटतो. ते तुला ठाऊक आहे आणि तेच धरून तू हे पत्र लिहिलंस. तरीही एका वर्षासाठी मी त्या फाटकातून आत येणार नाही. एका वर्षात जमिनीतून फक्त काढता येतं. पाळी नको. पंचवीस वर्षांचा करार कर, माझ्या आणि धाकट्याच्या नावानं, मी गेले तर पुढं त्याचा. तुझा तिसरा हिस्सा तुला मिळेल, पण पहिली चार वर्षं त्यात काही नसेल आणि तू का म्हणून विचारायचं नाहीस. मुकादम नको. ट्रॅक्टर वळत नसेल तर ट्रॅक्टरनं बाहेर थांबायचं. सही करायची नसेल तर नको करूस. मग ती जमीन तुझ्याकडेच राहील, तू केलीस तशी.

राहिला तुझा प्रश्न. जाताना मी जमिनीला काहीही केलं नाही. त्यानंतर तीन वर्षं दुसऱ्या कुणीही काही केलं नाही. तेच उगवलंय.

ताई